वाचकांचे प्रश्न: दहाला घ्यायची गोळी दोनला का उघडते?

औषध घेण्याच्या वेळेबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा ठाण्याहून आणि खाडीपलीकडून, म्हणजे नवी मुंबईतून, इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतली सहा येथे घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत मी तीस वर्षे गोळ्यांची रचना करणाऱ्या विभागात काम केले. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. ते गोळीत कसे बांधलेले असते आणि त्या बांधणीचा तुमच्या दिवसरात्रीशी काय संबंध असतो, एवढेच सांगेन.

प्रश्न: ताई, माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मधुमेहाची मोठी गोळी त्यांच्याने गिळवत नाही, म्हणून मी ती खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून देते. परवा मेडिकलवाल्यांच्या हे कानावर गेले तेव्हा ते रागावलेच, म्हणाले, "पाकिटावर एसआर लिहिलेले दिसले नाही का?" शेजारच्या काकूंचे तर वेगळेच. त्यांना रक्तदाबाची आख्खी गोळी शौचातून पडलेली दिसली. मग ती गोळी लागू तरी पडते का? — एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर: मेडिकलवाले रागावले ते तुमच्या सासूबाईंच्या काळजीने रागावले, आणि त्यांचे बरोबर होते. पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर यांपैकी कोणतीही अक्षरे असली, तर त्या गोळीतून औषध सावकाश किंवा ठरवलेल्या चालीने सुटावे अशी तिची बांधणी केलेली आहे असे समजावे. डीआर किंवा ईसी असेल, तर पोटातल्या आम्लात उघडायचे नाही, पुढे लहान आतड्यात उघडायचे, असा लेप तिच्यावर दिलेला असतो.

घरी एक साधा प्रयोग करून पाहा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची जी सावकाश सुटणारी गोळी सर्रास दिली जाते, ती एक गोळी काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात टाका आणि पेला ओट्यावर ठेवून द्या. साधी गोळी काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ होते. ही गोळी मात्र तशी विरघळत नाही. तिच्या अंगावर प्रथम बुळबुळीत थर येतो, मग ती भिजलेल्या साबुदाण्यासारखी फुगते, कडा अर्धपारदर्शक होतात आणि आत पांढरा गाभा दिसत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने दाबलीत तर मऊ गोळा हाताला लागतो. हा बुळबुळीतपणा बहुतेक वेळा हायप्रोमेलोज नावाच्या, वनस्पतीच्या तंतूंपासून तयार केलेल्या पदार्थाचा असतो. औषधाचा प्रत्येक कण त्या चिकट थरातून वाट काढत बाहेर येतो आणि म्हणून दिवसातून एकदा घेतलेली गोळी पुष्कळ तास पुरते. तुम्ही ती खलबत्त्यात कुटता तेव्हा हा थर बनायच्या आधीच मोडतो आणि दिवसभरासाठी मोजून ठेवलेले औषध एकदमच पोटात सांडते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत त्याने बहुधा मळमळ आणि जुलाब होतील. पण रक्तदाबाच्या किंवा तीव्र वेदनेच्या औषधाच्या बाबतीत हेच सांडणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००५ साली वेदनाशामकाची एक सावकाश सुटणारी कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण मद्याबरोबर घेतली असता तिच्यातले सगळे औषध एकाच वेळी सुटत होते.

काकूंना दिसली ती बहुधा गोळी नसून तिचे रिकामे कवच असावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लहानशा पंपासारख्या असतात. बाहेरचे आवरण पाणी आत घेते पण स्वतः विरघळत नाही; त्याला लेझरने एक बारीक भोक पाडलेले असते. आत दोन थर असतात, एक औषधाचा आणि एक फुगणारा. पाणी आत गेले की फुगणारा थर औषधाला त्या भोकातून हळूहळू बाहेर ढकलतो. औषध रक्तात गेलेले असते, कवच जसेच्या तसे बाहेर पडते. काकूंनी घाबरू नये आणि "गोळी वाया गेली" असे समजून दुसरी तर मुळीच घेऊ नये. डॉक्टरांच्या कानावर मात्र घालावे.

आता सासूबाईंचे काय करायचे? डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गोळी गिळवत नाही. त्याच औषधाची साधी, लहान गोळी दिवसातून दोन-तीनदा विभागून किंवा द्रव रूपात देता येते का, हे ते पाहतील. सगळ्याच सावकाश गोळ्या तोडता येत नाहीत असेही नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेट या रक्तदाबाच्या औषधाच्या काही गोळ्या लेप दिलेल्या शेकडो बारीक दाण्यांच्या बनलेल्या असतात, आणि मध्ये रेघ असेल तर त्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण तिथेही चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. आम्लपित्ताच्या कॅप्सूलमधले रंगीत दाणे काढून चमच्यात चुरडणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या प्रत्येक दाण्यावरचा लेप औषधाला आम्लापासून वाचवण्यासाठी दिलेला असतो. तो चुरडला की औषध पोटातच नासते.

प्रश्न: माझ्या मावशीला आमवात आहे. रात्री ती बरी असते. सकाळी मात्र बोटे इतकी ताठरलेली असतात की दुधाची पिशवी कापता येत नाही, वेणी घालता येत नाही, आणि दहा वाजेपर्यंत हळूहळू सगळे सैल होते. युरोपात असलेल्या मामेभावाने सांगितले की तिकडे रात्री दहाला घ्यायची एक गोळी मिळते, जी पहाटे दोनला "उघडते". हे खरे आहे का? आणि असेच करायचे तर गजर लावून दोनला साधी गोळी का घेऊ नये? — एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर: खरे आहे, आणि तुम्ही मावशीचे जे वर्णन केले आहे त्यातच त्या गोळीचे कारण दडलेले आहे. आमवातात सांध्यांना सूज आणणारे काही रेणू, त्यांतला इंटरल्युकिन-६ हा मुख्य, मध्यरात्रीनंतर रक्तात वाढत जातात आणि पहाटे सर्वाधिक होतात. सुजेला आवर घालणारे आपल्या शरीराचे स्वतःचे संप्रेरक कॉर्टिसॉल. ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि जाग येण्याच्या सुमारास शिखराला पोचते. म्हणजे सूज आधी येते आणि आवर घालणारे मागाहून पोचते. मावशी सातला उठून आठला नाश्त्याबरोबर प्रेडनिसोलोनसारखी, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची, साधी गोळी घेत असेल, तर ते औषध चोर निघून गेल्यावर येणाऱ्या पहारेकऱ्यासारखे ठरते. सूज तेव्हा सांध्यांत बसून चुकलेली असते.

गजर लावून दोनला गोळी घेण्याचा तुमचा विचार तर्काला धरून आहे, आणि संशोधकांनी सुरुवातीला नेमके तेच करून पाहिले होते: रुग्णांना पहाटे दोनला उठवून औषध दिले आणि सकाळचा ताठरपणा कमी होतो असे दिसले. पण वर्षानुवर्षे रोज रात्री दोनला कोण उठणार? ज्या माणसाला दुखण्यामुळे आधीच झोप कमी, त्याची उरलेली झोपही मोडायची, हे मला तरी माणुसकीचे वाटत नाही. म्हणून उठण्याचे काम गोळीवर सोपवले.

तिची रचना सांगते. आत प्रेडनिसोनचा, म्हणजे तशाच एका स्टेरॉइडचा, लहानसा गाभा असतो आणि त्याच्याभोवती औषध नसलेले जाड कवच दाबून बसवलेले असते. कवचातून पाणी ठरलेल्या गतीने आत झिरपते. ते गाभ्यापर्यंत पोचले की गाभा फुगतो आणि कवच फोडतो. भिजत घातलेल्या हरभऱ्याची साल तडकते तसे. याला सुमारे चार तास लागतात. या विलंबाचा आम्लाशी फारसा संबंध नाही, वेळेशी आहे; हाच तिचा विशेष. २००८ साली २८८ रुग्णांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेच औषध सकाळी साध्या गोळीतून घेणाऱ्यांच्या तुलनेत, रात्री ही गोळी घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा सरासरी सुमारे अर्ध्या तासाने अधिक कमी झाला. अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो, पण ज्या बाईला स्वतःची वेणी स्वतः घालायची आहे तिला तो थोडा वाटणार नाही.

अशा दुहेरी गोळ्यांच्या प्रयोगांवर मीही काही काळ काम केले, म्हणून त्यातली एक गोष्ट सांगते. गोळी रुग्णाला देण्याआधी आम्ही ती काचेच्या भांड्यांत तपासतो. सहा भांडी एका रांगेत, प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, ३७ अंश तापमान, आणि प्रत्येकात वल्ह्यासारखी दांडी संथपणे फिरत असते. दुपारचे जेवण सोडून मी त्या रांगेपुढे उभी राहत असे. चार तास झाले की एकेका भांड्यात कवचाला तडा जायचा आणि आतून पांढरा ढग निघायचा. एकदा पाच भांड्यांत चार तासांच्या आसपास तडा गेला आणि सहाव्यात अडीच तासांतच. गोळी कापून पाहिली तर गाभा मधोमध बसलेला नव्हता. एका बाजूचे कवच नखाच्या जाडीएवढेच उरले होते. तो सगळा घाणा रद्द केला. बाहेरून सहाही गोळ्या सारख्या होत्या. त्यांतली एक मात्र कुणाच्या तरी पोटात दोनऐवजी साडेबाराला उघडली असती आणि पहाटेच्या सुजेपर्यंत तिचा जोर ओसरू लागला असता.

मावशीसाठी दोन गोष्टी. ही गोळी रिकाम्या पोटी नीट काम करत नाही. ती रात्रीच्या जेवणाबरोबर किंवा नंतर घ्यायची असते, आणि जेवण लवकर, सात-आठलाच झाले असेल तर दहाला थोडे काही खाऊन घ्यायची असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: स्टेरॉइडची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, वेळ बदलू नये आणि एकदम बंद तर कधीच करू नये, कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. मामेभावाकडून गोळ्या मागवण्यापेक्षा हे पत्र आणि मावशीच्या सकाळची नोंद, कितीला उठली, बोटे कितीला सैल झाली, अशी आठवडाभराची, संधिवाताच्या डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना ती नोंद फार उपयोगी पडेल.

प्रश्न: माझे वडील तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये गाळ्यावर असतात. रात्री एकला घरून निघतात, सकाळी दहाला परततात, जेवून अकरा ते पाच झोपतात. गेली वीस वर्षे हेच. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी "सकाळी एक" अशी लिहून दिली आहे. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र निरोप फिरतोय की रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर हृदयविकार निम्म्यावर येतो. बाबांची सकाळ कोणती आणि रात्र कोणती? — एक वाचक भगिनी, कोपरी, ठाणे

उत्तर: तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. औषधाच्या वेळेविषयी जे काही लिहिले जाते ते रात्री झोपणाऱ्या माणसाला धरूनच लिहिलेले असते. तुमच्या वडिलांसारख्या, ज्यांच्यामुळे आपल्याला सकाळी ताजी भाजी मिळते, त्या माणसांचा विचार त्यात सहसा नसतो.

आधी निरोपाविषयी. तो हवेतून आलेला नाही. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात झोपताना गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व मृत्यू फारच कमी झाल्याचे म्हटले होते. त्याच्या पद्धतीवर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. नंतर ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एकाला सकाळी आणि दुसऱ्याला संध्याकाळी नेहमीच्याच गोळ्या घ्यायला सांगून, सरासरी पाच वर्षांहून थोडा अधिक काळ पाहिले गेले. २०२२ साली निकाल आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे प्रमाण संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के आणि सकाळच्या गटात ३.७ टक्के, म्हणजे अर्थपूर्ण फरक नाही. तेव्हा "रात्री घ्या आणि निम्मा धोका टाळा" हा निरोप पुढे पाठवू नका. जी वेळ रोज न चुकता पाळली जाईल ती चांगली वेळ, असा त्या निकालाचा सरळ अर्थ आहे. लघवी वाढवणारी, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो, ती झोपताना घेतली तर वयस्कर माणूस रात्री अंधारात उठून पडण्याचा धोका असतो, हेही लक्षात असू द्यावे.

मला स्वतःला या निकालाने थोडी हुरहूर लावली होती, कारण आमच्या क्षेत्रात या कल्पनेवर फार मोठी आशा होती. सकाळी उठल्यावर रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येतात, हे १९८० च्या दशकापासून चांगले ठाऊक होते. म्हणून झोपताना घ्यायची, चार-पाच तास काहीच न सोडणारी आणि पहाटे काम सुरू करणारी व्हेरापामिलची गोळी बनवली गेली. अमेरिकेत तिला १९९६ साली परवानगी मिळाली. रचना अतिशय सुंदर होती. पण १६,६०२ लोकांवर तिची तुलना जुन्या, स्वस्त औषधांशी सुरू झाली, ती चाचणी तिचा खर्च उचलणाऱ्या कंपनीने मुदतीआधी थांबवली, आणि २००३ साली आलेल्या निकालात ती गोळी जुन्या औषधांपेक्षा सरस आहे असे दिसले नाही. गोळी ठरल्या वेळी उघडणे ही एक गोष्ट आणि त्यामुळे माणूस अधिक जगणे ही दुसरी. दोन्हींचा पुरावा वेगवेगळा द्यावा लागतो.

आता बाबांची सकाळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तोच शरीराचे मुख्य घड्याळ. त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. सकाळी दहाला उन्हातून घरी येणाऱ्या माणसाचे घड्याळ त्यामुळे वीस वर्षांनीही पूर्णपणे उलटे होत नाही. रक्तदाब मात्र या घड्याळापेक्षा झोप आणि हालचाल यांच्या मागे अधिक जातो: रात्री झोपणाऱ्या माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो, आणि दुपारी झोपणाऱ्याचाही बऱ्याच अंशी दुपारच्या झोपेत उतरतो. म्हणून रक्तदाबाच्या गोळीपुरती बाबांची सकाळ संध्याकाळी पाचला, उठल्यावर, सुरू होते असे म्हणायला आधार आहे. पण हे माझ्या शब्दावर ठरवू नका. दंडाला बांधून चोवीस तास दर थोड्या वेळाने रक्तदाब नोंदवणारे यंत्र मिळते. डॉक्टरांना बाबांचे वेळापत्रक तुम्ही मला लिहिले तसेच लिहून द्या आणि ती तपासणी करता येईल का ते विचारा. चिठ्ठीवर "सकाळी" या शब्दाऐवजी घड्याळातली वेळ लिहून मागा.

प्रश्न: कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची असते का? मी सकाळी घेतो आणि बायको रोज त्यावरून बोलते. — एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर: ते गोळीत कोणते औषध आहे यावर अवलंबून आहे. यकृत कोलेस्टेरॉल बनवते ते मुख्यतः रात्री. सिम्व्हास्टॅटिनसारखे औषध शरीरात थोडे तासच टिकते, म्हणून ते संध्याकाळी किंवा रात्री घ्यायचे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन बराच काळ टिकतात. ती कोणत्याही वेळी घेतली तरी चालतात, फक्त वेळ रोज तीच ठेवावी. पाकीट पाहा, त्यावरून तुमच्या दोघांपैकी कोणाचे बरोबर ते लगेच कळेल.

प्रश्न: मी औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शरीरातल्या घड्याळावर २०१७ साली नोबेल मिळाले, तरी त्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या गोळ्या बाजारात इतक्या थोड्या का? या विषयात पुढे काम करण्यासारखे आहे का? — एक विद्यार्थी, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर: काम करण्यासारखे भरपूर आहे, पण आधी अडचणी समजून घे.

विषय जुना आहे. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड काळोखात ठेवले आणि पाहिले, तर उजेड नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत होती. आपल्याकडे आयुर्वेदानेही औषध उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, घासाघासाबरोबर की झोपताना घ्यायचे याचा स्वतंत्र विचार केला. १९५९ साली हालबर्ग यांनी "सुमारे एक दिवसाचा" या अर्थाचा सर्केडियन हा शब्द रूढ केला, आणि हॉल, रॉसबाश व यंग यांना नोबेल मिळाले ते फळमाशीतल्या ज्या जनुकामुळे हे चक्र चालते त्याचे कार्य उलगडल्याबद्दल.

अडचण अशी की घड्याळ मेंदूत आहे आणि गोळी पोटात. रिकाम्या पोटातून गोळी तासाभरात पुढे सरकू शकते. भरपेट जेवणावर तीच अनेक तास अडकते. आम्लात न उघडणारा लेप देऊन "सहा तासांनी उघडेल" असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे असते, कारण ते सहा तास गोळी पोटातून कधी निघाली तेव्हापासून मोजायचे. पाणी झिरपून फुटणारे कवच, न विरघळणाऱ्या कॅप्सूलच्या तोंडाशी बसवलेले आणि ठरल्या वेळी फुगून बाहेर पडणारे बूच, लेपावर लेप दिलेले दाणे, हे सगळे उपाय त्या एका अनिश्चिततेशी झगडण्यासाठी निघाले. काही ठिकाणी ते साधले. लक्ष एकाग्र होत नसलेल्या मुलांसाठी मेथिलफेनिडेटच्या एका कॅप्सूलला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. ती संध्याकाळी द्यायची, औषध सुमारे दहा तासांनी सुटू लागते, आणि मूल शाळेची तयारी करत असतानाच त्याचा उपयोग होऊ लागतो. सकाळची गोळी लागू पडेपर्यंतचा जो तास-दीड तास घरात रडारडीत जातो, तो वाचवण्यासाठी केलेली ही रचना मला फार आवडते, कारण तिथे प्रश्न आईच्या स्वयंपाकघरातून निघाला होता.

दुसरी अडचण: सगळ्यांचे घड्याळ एकसारखे नसते. फ्रान्समध्ये फ्रान्सिस लेव्ही यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वेळ लावलेल्या पंपातून ऑक्झॅलिप्लॅटिनचा जोर दुपारी चारला आणि फ्लोरोयुरासिलचा पहाटे चारला येईल अशी योजना केली. तोंड येणे, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास कमी झाले आणि १९९७ साली आलेले निकाल उत्साह वाढवणारे होते. नंतरच्या मोठ्या युरोपीय चाचणीत मात्र एकूण आयुर्मानात फरक पडला नाही. पुरुषांना त्याच वेळापत्रकाचा फायदा दिसला आणि स्त्रियांना तोटा. पहाटे चार ही सर्वांची पहाट नसते. पुढचे काम मला इथे दिसते: आधी त्या माणसाच्या घड्याळात किती वाजले आहेत हे स्वस्तात आणि खात्रीने मोजायचे, मग औषधाची वेळ लावायची. मधुमेहाच्या पंपात याची सुरुवात झालेली आहे. पहाटे अनेकांची साखर आपोआप वाढते, आणि पंपात त्या तासांसाठी इन्सुलिनची गती आधीच वाढवून ठेवता येते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत संधी मिळाली तर तीच गोळी दोन रीतींनी तपासून पाहा: एकदा सरळ ६.८ पीएचच्या, म्हणजे लहान आतड्यासारख्या, द्रवात, आणि एकदा दोन तास आम्लात ठेवून मग त्या द्रवात. दोन्ही आलेख एकावर एक ठेव. कुठली गोळी वेळ पाळते आणि कुठली जागा पाळते, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा तिथे लवकर कळेल.

प्रश्न: रात्री दहाची, उशिरा उघडणारी गोळी घ्यायला विसरलो आणि एक-दोनला जाग आल्यावर आठवले, तर तेव्हा घ्यावी का? — एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर: साध्या गोळीला "आठवल्याबरोबर घ्या" हा नियम बहुतेक वेळा लागू होतो, उशिरा उघडणाऱ्या गोळीला तो तसाच लावता येत नाही. दहाला घेतलेली दोनला उघडते, तर दोनला घेतलेली सहाला उघडणार, आणि तोवर जिच्यासाठी ती होती ती वेळ निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन भरपाई करायची नाही, आणि लवकर उघडावी म्हणून ती फोडायची तर नाहीच. स्टेरॉइड, फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधे किंवा हृदयाची औषधे असतील तर एक मात्रा चुकल्यास काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि तो कागद गोळ्यांच्या डबीतच ठेवा, म्हणजे रात्री दोनला कोणाला उठवावे लागणार नाही.